गोठत्या पाण्यातल्या डायव्हिंगसाठी रेग्युलेटर कसा निवडावा

अति थंड पाण्यात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र, बिघडतो तेव्हा तो सहसा हवा बंद करत नाही, उलट ती सोडतच सुटतो. तोंडाशी बुडबुड्यांचा लोंढा उसळतो, मास्क थरथरतो, समोरचं काही दिसेनासं होतं आणि १२ लिटरचा भरलेला सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. यालाच फ्री-फ्लो म्हणतात. वर बर्फाचं छत असेल तर सरळ वर येण्याची वाटही नसते. म्हणून अशा पाण्यासाठी रेग्युलेटर बघताना ‘श्वास किती हलका येतो’ हे नंतर विचारा. आधी विचारा, हा गोठेल तर कुठे गोठेल?

त्यासाठी आत काय घडतं ते समजून घ्यायला हवं. सिलिंडरमधल्या हवेचा दाब २०० बारच्या आसपास असतो. फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) तो उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त एवढ्यावर आणते. इतकी दाबलेली हवा एकदम पसरली की तिचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. पाणी २० अंशांचं असेल तर ते धातूला सतत ऊब पुरवतं. २ अंशांचं पाणी कुठून ऊब देणार? फर्स्ट स्टेजमधल्या स्प्रिंगच्या भोवती पाणी असलं तर त्याचा बर्फ होतो, झडप पुरती मिटत नाही, मधला (उतरवलेला) दाब चढत जातो आणि शेवटी सेकंड स्टेजला, म्हणजे तोंडात धरायच्या भागाला, तो आवरत नाही. सिलिंडर भरलेला, खोली जास्त आणि धाप लागलेली, असं तिन्ही जुळून आलं की धोका सर्वाधिक. ३० मीटरवर एका श्वासाला पृष्ठभागाच्या चौपट हवा लागते, हे विसरू नका.

आता निवडीकडे वळू. सुरुवात रेग्युलेटरवरच्या खुणेपासून करा. ‘ईएन २५०’ या युरोपीय मानकात थंड पाण्याची चाचणी ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड पाण्यात होते. जो रेग्युलेटर थंड पाण्यासाठी नाही, त्यावर ‘>१०°से’ अशी खूण असते. ती दिसली की तो तिथेच ठेवून द्या, किंमत कितीही मोहात पाडो. ‘ईएन २५०ए’ असेल तर अडचणीत दोघांनी एकाच वेळी श्वास घेण्याचा विचारही चाचणीत झालेला असतो. तरी खूण म्हणजे हमी नव्हे. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमधलं समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांच्या जवळ असतं, म्हणजे चाचणीच्या पाण्यापेक्षाही थंड. दुसरीकडे, खारं पाणी शून्याला गोठत नाही आणि गोडं गोठतं. त्यामुळे २ अंशांचं तळं २ अंशांच्या समुद्रापेक्षा रेग्युलेटरला जास्त छळतं.

मग फर्स्ट स्टेज हातात घेऊन सावकाश फिरवून बघा. बाजूच्या भोकांतून आतली स्प्रिंग दिसते का? दिसत असेल तर पाणी तिथवर पोचणार. बरेचसे साधे पिस्टन (दट्ट्यावर चालणारे) रेग्युलेटर असेच असतात, कारण खोलीचा दाब कळायला त्यांना पाणी आत लागतं. माझं मत स्पष्ट आहे: सीलबंद डायफ्रॅमची (लवचीक पडद्याची) फर्स्ट स्टेज घ्या. तिच्या टोकाला आणखी एक रबरी पडदा असतो. तो पाण्याचा दाब आत पोचवतो, पण पाण्याला बाहेरच अडवतो. पैसे खर्च करायचे ते इथे. सिलिंडरला जोडणीही क्लॅम्पची नको, आट्यांची, ‘डिन’ नावाची घ्या.

सेकंड स्टेज गोठते ती आपल्याच श्वासातल्या ओलाव्यामुळे. होज (हवेची नळी) जिथून आत येतो तिथे धातूचा भाग जितका जास्त, तितकी पाण्याची आणि उच्छ्वासाची ऊब आतल्या दांड्याला मिळते. सगळं प्लास्टिकचं असलं की ही सोय जाते. दुकानात जाताना स्वतःचे जाड हातमोजे घेऊन जा आणि ते घालूनच पर्ज बटण (दाबलं की हवा सोडणारं) आणि श्वास हलका-जड करायची बाजूची खुंटी वापरून बघा. उघड्या बोटांना सहज वाटणारी खुंटी मोज्यातल्या बोटांना सापडतसुद्धा नाही.

एवढं करूनही एकच रेग्युलेटर पुरत नाही. बर्फाखाली दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज हव्यातच, दोन वेगवेगळ्या व्हॉल्व्हवर. एका सिलिंडरला दोन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवता येतो. प्रत्येक फर्स्ट स्टेजवर एक सेकंड स्टेज आणि एकच इन्फ्लेटर (हवा भरायचा होज) ठेवा, एकीवर ड्रायसूटचा, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पोशाखाचा, आणि दुसरीवर तरंगण्याच्या जॅकेटचा. एक बंद करावी लागली तरी श्वासही राहतो आणि तरंगण्यावरचा ताबाही. एकाच फर्स्ट स्टेजवर सगळे होज लटकवणं म्हणजे तिला गोठायचं आमंत्रण.

सर्व्हिसिंगला देताना थंड पाण्यात वापरणार हे तंत्रज्ञाला आवर्जून सांगा. तो मधला दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच थोडा खाली ठेवेल आणि सेकंड स्टेज किंचित जड लावेल. फार हलका श्वास देणारा रेग्युलेटर फ्री-फ्लोलाही लवकर बळी पडतो.

वापरतानाचं पथ्य थोडकंच. डायव्हच्या आधी रेग्युलेटर कोरडा आणि उबेत ठेवा. बाहेरची हवा शून्याखाली असेल तर तोंड पाण्याखाली गेल्याशिवाय त्यातून श्वास घेऊ नका, गंमत म्हणून पर्ज तर दाबूच नका. ड्रायसूटमध्ये हवा भरताना बटण अगदी क्षणभर दाबून सोडा, तेही श्वास घेत नसताना.

नवा संच आणल्यावर पहिले काही डायव्ह उथळ आणि मोकळ्या पाण्यात करा. जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, हवा सुटलेल्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करणं आणि दुसऱ्या रेग्युलेटरवर जाणं जोडीदाराच्या देखरेखीखाली पुन्हा पुन्हा करा. हात मागे व्हॉल्व्हपर्यंत पोचत नसेल तर बर्फाखाली जायच्या आधी पट्टे आणि सिलिंडरची उंची बदला.