बुद्ध्यांकाआधी चाचणी तपासा

मुलाचा बुद्ध्यांक काढायचा असेल तर आधी चाचणीची मार्गदर्शक पुस्तिका मागा. मोबाइलवरचा किंवा झेरॉक्स केलेला, पुस्तिका नसलेला प्रश्नसंच सरळ बाजूला ठेवा.

पुस्तिकेत सर्वांत आधी मानकं, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून मुलाचा आकडा ठरतो ते इतर मुलांचे गुण, पाहा: ती कोणत्या साली, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या भाषेच्या मुलांवरून काढली? मानकं फार जुनी असतील तर आकडा फुगतो. भाषेची अडचण त्याहून मोठी. सांगलीच्या जत तालुक्यातल्या कानडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला मराठी शब्दार्थ विचारले, तर बुद्धीऐवजी त्याचं मराठीच मोजलं जातं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचं मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. कामतांनी मराठीबरोबर कानडीतही रूपांतर केलं, ते याचसाठी महत्त्वाचं. ठोकळे आणि आकृत्यांवर भर देणारी भाटिया कसोटी (1955) भाषेचा अडसर कमी करते, पण तिची मानकं 11 ते 16 वयाच्या मुलग्यांवरची आहेत. जतच्या नऊ वर्षांच्या मुलीला ती लावू नका.

मग विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजल्यावर आकडा किती सारखा येतो ते. सरासरी 100, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) 15 आणि विश्वसनीयता 0.90 असेल, तर मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा साधारण किती चुकू शकतो ते, सुमारे 4.7 येते. दोन्ही बाजूंना तिच्या सुमारे दुप्पट अंतर धरायचं, म्हणजे 78 हा आकडा साधारण 69 ते 87 असा वाचायचा. एवढ्यावरून मुलाला मतिमंद ठरवणं अन्याय आहे. जेवण, कपडे, सुट्टे पैसे, वाट लक्षात ठेवणं हे रोजचं वागणंही तपासायलाच हवं.

सप्रमाणतेबाबत, म्हणजे जे मोजायचं तेच चाचणी मोजते का याबाबत, गफलत सर्रास होते. पाठांतराची परीक्षा दर वेळी सारखाच आकडा देईल, म्हणून ती बुद्धीची होत नाही. ऊसतोडीच्या हंगामात शाळा बुडालेल्या मुलाचे सामान्य ज्ञान आणि गणिताचे गुण पडतात. आकृत्यांचे गुण चांगले असतील तर शाळा बुडाल्याचा परिणाम आधी तपासा.

चाचणी घेताना सूचना पुस्तिकेतल्या शब्दांतच द्या. ‘जवळ आलास, अजून बघ’ एवढ्यानंही गुण बदलतात. आई-बाबा खोलीबाहेर, मुलाचा चष्मा डोळ्यांवर, पोट भरलेलं. तीच चाचणी काही महिन्यांत पुन्हा घेतली तर सरावाने गुण वाढतात.

अहवालात चाचणीचं नाव, आवृत्ती, भाषा, तारीख आणि आकड्याची कक्षा लिहून घ्या. नुसता आकडा दिला असेल तर अहवाल परत करा.