गिऱ्हाईकाने घरून पिशवी आणावी म्हणून दुकानात काय करायचं

"कृपया कापडी पिशवी वापरा" असा बोर्ड नुसता लावून फारसं काही होत नाही. लोकांना पटलेलं असतंच हो, फक्त निघताना पिशवी घरी राहते आणि काउंटरवर न मागता कॅरीबॅग हातात येते, मग सवय मोडणार कशी? म्हणून उपदेश कमी आणि गल्ल्यापाशी बदल जास्त, असं करून बघा.

आधी बिल करणाऱ्याला सांगा की आपणहून पिशवी काढायची नाही, विचारायचं. आणि विचारायचं तेही नीट. "पिशवी देऊ का?" म्हटलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो, पण "पिशवी आणलीय ना?" म्हटलं की आधी स्वतःकडची आठवते. एक-दोनच वस्तू असतील तर पिशवीचा विषयच काढू नका, लोक हातात नेतात.

मग पैशाचं बघा, आणि इथेच बरेच जण चुकतात, म्हणजे पिशवी आणणाऱ्याला सूट देतात. सूट देऊ नका, पिशवीचे पैसे लावा! अमेरिकेत वॉशिंग्टन शहर आणि आसपासच्या दुकानांत यावर अभ्यास झालाय, पिशवीवर ५ सेंटचा कर लागल्यावर वापर बराच घटला आणि स्वतःची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंटच परत दिले तिथे जवळजवळ काहीच फरक पडला नाही. रक्कम तीच, पण मिळालेल्यापेक्षा खिशातून गेलेलं जास्त टोचतं. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्लास्टिक पिशवीवर १५ सेंटचा कर लावला तेव्हा माणशी वर्षाला साधारण ३२८ पिशव्या लागायच्या त्या २१ वर आल्या. फक्त हे पैसे बिलात वेगळे दाखवा आणि आधी सांगून घ्या, गुपचूप जोडले तर गिऱ्हाईक चिडणारच आणि त्याचं बरोबरच असतं.

आठवण करून देणारा बोर्ड लावायचाच असेल तर जिथे लोक गाडी लावतात तिथे लावा, कारण पिशवी डिकीत राहिलीय हे रांगेत उभं राहिल्यावर आठवून काय उपयोग. फोनवर ऑर्डर घेत असाल तर "सामान तयार आहे, येताना पिशवी आणा" असा मेसेज टाका.

एक मात्र कळकळीने सांगते, फुकट कापडी पिशव्या वाटत सुटू नका. इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये हिशोब मांडला होता, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानाला कमी भार व्हायचा तर सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरली गेली पाहिजे. घरात आधीच पाच-सहा पडलेल्या असतात, सातवी कपाटातच जाते. त्यापेक्षा दारापाशी एक खोका ठेवा, ज्याच्याकडे जास्तीच्या आहेत त्याने टाकायच्या, जो विसरला त्याने न्यायची आणि पुढच्या खेपेला परत आणायची, अधूनमधून धुवून घ्यायच्या एवढंच. पातळ बंद करून त्याच्याऐवजी जाड प्लास्टिकची देऊ नका, ती पण लोक एकदाच वापरून टाकतात आणि त्यात प्लास्टिक उलट जास्त जातं.

दर महिन्याला १०० बिलांमागे किती पिशव्या गेल्या ते वहीत लिहून ठेवा. आकडा हलत नसेल तर बहुतेक गल्ल्यावरचं विचारणं थांबलेलं असतं, आधी तेच बघा.