निवडणुकीनंतरच्या हिंसाचारावर प्रादेशिक संघटनेला निवेदन कसं द्यायचं

आफ्रिकेतल्या एखाद्या देशात निकालावरून रक्तपात होतो, तिथल्या संघटना साथ मागतात आणि नागपुरात ठरलेला कार्यक्रम होतो: संविधान चौकात निदर्शनं आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत निवेदन. पोलिसांची परवानगी काढून निदर्शनं जरूर करा. पण निर्णय घेणारे आफ्रिकेतल्या प्रादेशिक संघटनांच्या मुख्यालयांत, म्हणजे अबुजा, गॅबोरोनी किंवा आदिस अबाबात बसतात. निवेदन थेट तिथे गेलं पाहिजे.

आधी तो देश कोणत्या संघटनेचा सदस्य आहे ते बघा. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची संघटना इकोवास (अबुजा), दक्षिणेतल्या देशांची साडेक (गॅबोरोनी), आणि वर सगळ्या खंडाचा आफ्रिकी संघ (आदिस अबाबा). जुन्या यादीवर विसंबू नका. माली, नायजर आणि बुर्किना फासो जानेवारी 2025 मध्ये इकोवासमधून बाहेर पडले. साडेकमध्ये राजकारण, संरक्षण आणि सुरक्षा पाहणारं वेगळं अंग आहे. पत्र त्याच्या अध्यक्षांच्या नावे लिहा, प्रत सचिवालयाला द्या. प्रश्न आपल्या शेजारच्या देशाचा असेल तर सार्ककडून आशा नको: सनदेच्या कलम 10 नुसार निर्णय एकमतानेच होतात आणि वादग्रस्त विषय चर्चेलाच घेत नाहीत.

‘हस्तक्षेप करा’ एवढंच लिहिलेलं पत्र फायलीत पडून राहतं. नेमकं काय हवं ते सांगा: मध्यस्थ, चौकशी पथक, मतपत्रांची फेरमोजणी की सदस्यत्व स्थगित करणं. केनियात डिसेंबर 2007 च्या मतदानानंतर अकराशेहून अधिक माणसं मेली. आफ्रिकी संघाच्या वतीने संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मध्यस्थी केली आणि 28 फेब्रुवारी 2008 ला करार झाला. गांबियात डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह यांनी आधी मान्य केलेला पराभव आठवडाभरात नाकारला. इकोवासने आधी बोलणी केली, मग सैन्य सीमेवर आणलं, आणि 21 जानेवारी 2017 ला जामेह देश सोडून गेले. लष्कराची मागणी पहिल्याच पत्रात केलीत तर बाकीच्या मागण्याही कोणी गांभीर्याने घेणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त वेळ पुराव्याला द्या. मतदान केंद्रावरच्या निकालपत्रकाचा फोटो हा खरा ऐवज. त्यात केंद्र क्रमांक, अधिकाऱ्याची सही, पक्ष प्रतिनिधींच्या सह्या आणि बेरीज हे सगळं वाचता आलं पाहिजे. खाडाखोड असेल तर तिथला जवळून, तिरप्या उजेडात घेतलेला वेगळा फोटो मागवा, म्हणजे पांढऱ्या शाईचा थर उठून दिसतो. मलावीत मे 2019 ची निवडणूक फेब्रुवारी 2020 मध्ये न्यायालयाने रद्द केली, त्यात अशा खोडलेल्या पत्रकांचा मोठा वाटा होता. व्हॉट्सॲपवरून नुसता फोटो आला की तो आकाराने लहान (कॉम्प्रेस) केला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. जुन्या दंगलीचे फोटो हमखास नव्याने फिरतात, तेव्हा उलट प्रतिमा-शोध (फोटो टाकून तो आधी कुठे आला होता ते इंटरनेटवर शोधणं) घेतल्याशिवाय एकही जोडू नका. मृतांचा आकडा ‘अमुक तारखेपर्यंत किमान इतके’ असा, स्रोतासह लिहा. एक आकडा खोटा निघाला की समोरचं सरकार तोच धरून बसतं. साक्षीदारांची नावं पत्रात नकोतच.

पत्र दोन पानांचं, इंग्रजीत. मोझांबिकबद्दल असेल तर पोर्तुगीज प्रतही. पहिल्या परिच्छेदातच त्या संघटनेच्या स्वतःच्या नियमांचा आधार द्या: आफ्रिकी संघाची 2007 ची लोकशाही, निवडणुका व सुशासनाची सनद, किंवा साडेकची निवडणूकविषयक तत्त्वं. संबंधित देशाने त्या सनदेला मंजुरी दिली आहे का, हे तपासूनच. शेकडो सुट्या सह्यांपेक्षा वकील, शिक्षक, डॉक्टर यांच्या पाच संघटनांचे लेटरहेड, नोंदणी क्रमांक आणि शिक्के वजनदार. गांबियातही वकील आणि शिक्षक संघटना उघडपणे बोलल्या, तेव्हा त्याला वेगळंच वजन आलं.

वेळ चुकली की सगळं वाया. मोझांबिकमध्ये 9 ऑक्टोबर 2024 ला मतदान, 20 नोव्हेंबरला हरारेत साडेकची शिखर बैठक, 23 डिसेंबरला निकालावर शिक्कामोर्तब आणि 15 जानेवारीला शपथविधी झाला. अशा वेळी पत्र बैठकीच्या किमान आठवडाभर आधी पोचायला हवं. गॅबोरोनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. दुपारी साडेबाराला मेल पाठवा, तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात.

नागपुरात शिकणाऱ्या त्या देशाच्या विद्यार्थ्यांकडून भाषांतर आणि पडताळणीची मदत घ्या, पण त्यांना सही करायला किंवा चौकात उभं राहायला सांगू नका. विद्यार्थी व्हिसावर आंदोलनात दिसल्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांना भारत सोडायला सांगितल्याची उदाहरणं आहेत, आणि गावी त्यांचं घर ओळखायला एक फोटो पुरतो.