ग्रँड नदीच्या काठी शिकायला येताय?

कॅनडात सोशल वर्क किंवा नर्सिंग शिकायला येत असाल, तर इथल्या मूळ रहिवाशांचा इतिहास बहुधा अभ्यासक्रमात असेल. क्रेडिटपुरता म्हणून तो उरकू नका, एवढंच कळकळीने सांगायचंय.

मी सोलापूरची. पहिल्याच तासाला हात वर करून म्हणाले, "आमच्यावरही इंग्रजांनी राज्य केलं, त्यामुळे आम्हाला हे समजतं." वर्गात बोलायला आलेल्या आजी मोहॉक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एका समाजातल्या. त्या लहानपणी रेसिडेन्शियल स्कूलमध्ये होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडचे इंग्रज परत गेले ना?" मी खाली बसले. रात्री आईशी मराठीत बोलताना त्या आजींचा प्रश्न पुन्हा आठवला. त्यांच्या आईची भाषा त्यांना साठीनंतर शिकावी लागली होती.

रेसिडेन्शियल स्कूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आश्रमशाळा येते. ती कल्पना आधी बाजूला ठेवा. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा आणि 1920 पासून कायद्याने सक्ती. मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुलं अशी घरापासून तोडली गेली. स्वतःच्या भाषेत बोललं की मार. शेवटच्या शाळा बंद झाल्या 1990 च्या दशकात, म्हणजे त्या भोगलेली माणसं आज तुमच्याशेजारी बसमध्ये बसलेली असू शकतात.

जमलं तर ब्रँटफर्डला जाऊन या. तिथली मोहॉक इन्स्टिट्यूट ही अशीच शाळा, 1970 मध्ये बंद झाली. मुलं तिला 'मश होल' म्हणायची, कारण ताटात रोज तीच ओटची पातळ लापशी. आवारात सफरचंदाची बाग होती, पण भुकेपोटी फळ तोडलं तर शिक्षा. इमारतीच्या मागच्या विटांवर मुलांनी आपली नावं कोरून ठेवलीत. मी पाहिलेलं एक नाव माझ्या कमरेच्या उंचीवर होतं. कोरणाऱ्याचा हात तेवढाच पोचत असणार.

या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाच्या 2015 च्या 94 शिफारशी आल्या आल्या वाचून काढा. 24 वी नर्सिंग आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांबद्दल आहे, तर 93 आणि 94 थेट आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांबद्दल. नागरिकत्वाच्या शपथेत 2021 पासून मूळ रहिवाशांच्या करारांतल्या हक्कांचा उल्लेख आहे तो त्यामुळेच. किचनर-वॉटर्लूत भाड्याने राहत असाल, तर 1784 चा हाल्डिमंड जाहीरनामाही बघा. ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांना सहा-सहा मैल जमीन इंग्रजांनी 'सिक्स नेशन्स'ना, म्हणजे मोहॉकसह सहा समाजांच्या संघाला, देऊ केली होती. आज त्यातली पाच टक्केही त्यांच्याकडे उरलेली नाही.

आणखी एक. कुणालाही "तुमच्यासोबत काय झालं?" असं विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. तेव्हा वही मिटून ऐका.

मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. कॅनडाच्या प्रेअरी म्हणजे गवताळ मैदानी भागात मूळ रहिवाशांना रिझर्व्हबाहेर, म्हणजे त्यांच्यासाठी आखून दिलेल्या जमिनीबाहेर, पडायला सरकारी एजंटची चिठ्ठी लागायची, हे वाचलं आणि सोलापूरची 'सेटलमेंट' आठवली. याच इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तारेच्या कुंपणात कोंडल्या. हजेरी, पास, सगळं तसंच. तो कायदा जाऊन त्यांची सुटका झाली ती 31 ऑगस्ट 1952 ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. मी कॉलेजला रोज त्याच बाजूने जायचे. त्या नावाचा अर्थ कधी कुणाला विचारला नाही.

31 ऑगस्टला तिथे विमुक्त दिन असतो. यंदा घरी जायचं तिकीट मी तो दिवस धरूनच काढलंय.