कच्छच्या जुरासिक थरांत फॉल्ट शोधताना या चुका टाळा

दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईकडची भूशास्त्राची पोरं कच्छला फील्डला जातात आणि वह्या तपासायला बसलं की दरवर्षी त्याच चुका, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. फॉल्ट म्हणजे खडक तुटून दोन्ही बाजू सरकल्या आहेत अशी भेग.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओढ्यातलं रेतीने झाकलेलं अंतर बिनधास्त ओलांडून जाणं. एम.एस्सी.ला असताना मीही हेच केलं होतं. भुजच्या दक्षिणेला काटरोलच्या डोंगरात झुरान फॉर्मेशनचा (या नावाच्या थरांच्या गटाचा) सेक्शन, म्हणजे एकेक थर क्रमाने, मोजत होतो, शेल (चिखलाचा खडक), सँडस्टोन (वाळूचा खडक), परत शेल असं चाललेलं, मधे २० फूट रेती आली की वहीत 'झाकलेलं' लिहायचं आणि पुढे. संध्याकाळपर्यंत तीन जाड सँडस्टोन मिळाले, मी खूश. दुसऱ्या दिवशी सर आले, पहिल्या सँडस्टोनच्या माथ्यावरची माती हाताने झटकली, तर खाली किड्यांच्या बिळांच्या आडव्या नळ्या आणि त्यावर बोटभर जाडीचा फुटक्या शिंपल्यांचा थर. मग मला रेतीपलीकडे नेलं. तेच शिंपले, त्याच नळ्या. तिसऱ्यावरही तेच. एकच थर, दोन फॉल्टनी तीनदा वर आणलेला! तेलाच्या कामात हे झालं असतं तर रिझर्व्हॉयरची (तेल साठवणाऱ्या खडकाची) जाडी सरळ तिप्पट धरली गेली असती. फॉल्टपाशी खडकाचा चुरा झालेला असतो, पाणी तो आधी कोरून नेतं आणि रेती तिथेच साठते, म्हणून झाकलेल्या जागेवरच पहिला संशय घ्यायचा. मी आजही प्रत्येक सँडस्टोनचा माथा आणि तळ ब्रशने साफ करून स्केच काढतो. नुसता मोबाईलवर फोटो मारून पळणाऱ्यांना थराची ओळख कधीच पटत नाही.

दुसरी चूक, फॉल्ट दिसला की 'इथे तेल अडणार' लिहून मोकळं होणं. अरे पण समोर काय आलंय ते बघा ना! सँडस्टोनसमोर शेल आला तर अडेल, सँडस्टोनसमोर सँडस्टोनच आला तर फॉल्टच्या फटीत काय भरलंय त्यावर सगळं ठरतं. भाकरीवर लोणी फासावं तसा शेल फटीत ओढला जातो. हिशोब सोपा आहे, थ्रो (फॉल्टवर थर वर-खाली सरकल्याचं अंतर) ३० मीटर आणि त्यात एखाद्या जागेसमोरून १२ मीटर शेल सरकून गेला तर शेलचं प्रमाण ४० टक्के, साधारण २० च्या वर असेल तर अडण्याची शक्यता धरतात. पण शेलमध्ये चिकणमाती किती हे न बघता सॉफ्टवेअरचा आकडा चिकटवणं मला अजिबात पटत नाही, कारण सिल्ट जास्त असलेला कडक शेल पसरत नाही, तुटतो. आणि शुद्ध सँडस्टोनमध्येसुद्धा दाणे चिरडून पांढरट पट्ट्या तयार होतात, उघड्यावर त्या बरगड्यांसारख्या वर उठून दिसतात, त्याही वाट अडवतात.

बाकीच्या पटापट सांगतो. क्रॉस-बेडिंगचा (थराच्या आतल्या तिरप्या पट्ट्यांचा) कल थराचा डिप (उतार) म्हणून लिहू नका, नसलेला डोम (घुमटासारखा उठाव) नकाशावर उगवतो. बेसाल्टचा डाईक (भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत) दिसला म्हणजे फॉल्ट असं समजू नका. लाल रंगावरून फॉर्मेशन ठरवू नका, लोह कुठेही गंजतं. रिफ्ट बेसिन (जमीन ताणून खचल्याने झालेलं खोरं) आहे म्हणून प्रत्येक फॉल्टला 'नॉर्मल' (ताणाने वरची बाजू खाली घसरलेला) लिहू नका, कच्छमध्ये नंतर दाब आला आणि जुने नॉर्मल फॉल्ट उलटे सरकले, त्यामुळे फॉल्टचा डिप स्वतः मोजा.

आणि कुठे आहोत तेच कळेनासं झालं तर आधी ढोसा ऊलाईट (बारीक गोल दाण्यांच्या खडकाचा ओळखीचा थर) शोधा. तो जुमारा फॉर्मेशनच्या अगदी माथ्यावर असतो, त्याच्यावर लागतो तो झुरान, तिथून परत मोजायला लागा.