फोर-के गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड घेताय? या चुका टाळा

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, गेम फोर-केवर लावला, सगळी सेटिंग्ज अल्ट्रावर, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर, नेली आणि चित्र अडखळायला लागलं. यावर ठरलेला निष्कर्ष म्हणजे ‘कार्ड कमी पडलं’, आणि लगेच वरच्या मॉडेलची शोधाशोध सुरू. पण गेम अडखळायला कारणं बरीच असतात, आणि त्यातली काही कितीही भारी कार्ड आणलं तरी जात नाहीत. कुठे अडतंय ते आधी शोधायचं, पाकीट नंतर उघडायचं.

१०८०पीचे आकडे बघून फोर-केचं कार्ड ठरवणं

१०८०पीच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, साधारण २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३७ लाख आणि फोर-केमध्ये ८३ लाख. म्हणजे फोर-के हे १०८०पीच्या चौपट काम. फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे एफपीएस) बरोबर पावपट होतो असं नाही, कारण प्रोसेसरच्या वाट्याचं काम रिझोल्युशनबरोबर फारसं वाढत नाही. पण दोन कार्डांमधला १०८०पीवरचा फरक फोर-केवर तसाच राहील, हे गृहीत धरू नका. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० टीआय कार्डाला २५६ बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता) आणि सेकंदाला ४४८ जीबी बँडविड्थ होती. २०२३ मध्ये आलेल्या ४०६० टीआयला १२८ बिट आणि २८८ जीबी. मोठ्या कॅशमुळे (चिपच्या आतल्या वेगवान मेमरीमुळे) नवं कार्ड १०८०पीवर पुढे असतं, पण रिझोल्युशन वाढवलं की ही आघाडी आटत जाते. रिव्ह्यू वाचताना थेट तुमच्या मॉनिटरच्या रिझोल्युशनचा आलेख गाठा, बाकीचे सोडून द्या.

नावावरही जाऊ नका. आरटीएक्स ४०७० डेस्कटॉपवर १२ जीबी मेमरीचं आहे, लॅपटॉपमध्ये त्याच नावाखाली ८ जीबी मिळतं. ४०९० चंही तेच: डेस्कटॉपला २४ जीबी, लॅपटॉपला १६, आणि आतली चिपसुद्धा वेगळी, लहान.

व्हीरॅम भरल्याची लक्षणं न ओळखणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू. व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, कमी पडली की सरासरी एफपीएस बऱ्याचदा ठीकच दिसतो. कोपऱ्यात ७० चा आकडा असतो, पण वळणावरून नवीन भागात शिरलं की अर्धा क्षण सगळं गोठतं. भिंतीवरची वीट आधी चिखलासारखी दिसते आणि दोन-तीन सेकंदांनी तिच्यावर रेघा उमटतात. कधी पहिली वीस मिनिटं छान जातात, मग हळूहळू गेम जड होतो आणि बंद करून परत सुरू केला की पुन्हा ताजातवाना. ही सगळी मेमरी भरल्याची लक्षणं. कार्डात जागा उरली नाही की टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) सिस्टिमच्या रॅममधून पीसीआय एक्सप्रेसवरून, म्हणजे मदरबोर्डच्या जोडणीवरून, आणावे लागतात, आणि तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपुढे फारच अरुंद आहे.

खात्री करायची तर एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये एफपीएसऐवजी फ्रेम टाइमचा आलेख लावा. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत यायला हवी. रेघ साधारण सपाट असेल तर ठीक. मधेच ८०-१०० मिलिसेकंदांचे सुळके दिसले, तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा, गेम बंद करून परत सुरू करा आणि त्याच जागी त्याच वाटेने फिरा. परत सुरू करणं महत्त्वाचं, कारण बरेच गेम चालू असताना घेतलेली मेमरी नीट सोडत नाहीत. सरासरी तेवढीच राहिली पण सुळके गेले, तर दोष मेमरीचाच. नुसतं ‘८ पैकी ७.६ जीबी वापरात’ हे वाचून मात्र घाबरू नका. तो आकडा बहुधा गेमने राखून ठेवलेल्या मेमरीचा असतो, खऱ्या गरजेचा नाही. मागे उघडा ब्राउझरही थोडी व्हीरॅम खात असतो, तो बंद करून बघा.

यातूनच खरेदीचा प्रश्न सुटतो. २०२० चं आरटीएक्स ३०७० ताकदीने ३०६० पेक्षा बरंच वरचढ, पण मेमरी ८ जीबी. ३०६० ला १२. टेक्स्चर वाढवले की काही गेममध्ये ताकदवान कार्ड आधी अडखळतं. फोर-केसाठी आज नवं कार्ड घेताना मी १६ जीबीच्या खाली जाणार नाही. १४४०पीला १२ जीबीवर भागतं. ८ जीबीचं कार्ड फोर-केच्या मॉनिटरला जोडायचंच असेल तर जुने आणि हलके गेम खेळायचे, एवढीच अपेक्षा ठेवा.

सगळंच अल्ट्रावर, नाहीतर सगळंच मीडियमवर

प्रीसेट (सगळी सेटिंग्ज एकदम बदलणारा तयार पर्याय) ही सोय आहे, सल्ला नव्हे. मेमरी पुरेशी असेल तर टेक्स्चर सर्वांत वर ठेवले तरी फ्रेम रेट जवळजवळ हलत नाही. तिरपे पृष्ठभाग स्पष्ट ठेवणारं १६एक्स ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंगही आजच्या कार्डांना फुकटात पडल्यासारखंच. लोक नेमक्या याच दोन गोष्टी आधी कमी करतात आणि चित्र उगाच भुरकट करून घेतात. खरे खादाड वेगळेच: रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं गणित), सावल्या, व्हॉल्युमेट्रिक धुकं, प्रतिबिंबं. हे अल्ट्रावरून हायवर आणलं की फ्रेम रेट चांगला वर येतो, आणि खेळताना फरक शोधून दाखवा म्हटलं तर भलेभले गोंधळतील. एका वेळी एकच सेटिंग बदला. पाच एकदम बदलली की कशाने फरक पडला ते कळत नाही.

अपस्केलिंगबद्दलचे हट्ट

अपस्केलिंग म्हणजे चित्र कमी रिझोल्युशनला बनवून मॉनिटरएवढं मोठं करणं, आणि नेटिव्ह म्हणजे थेट मॉनिटरच्या रिझोल्युशनला. ‘मी नेटिव्हच खेळणार’ हा हट्ट फोर-केवर महागात पडतो. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या अपस्केलरच्या क्वालिटी मोडवर फोर-केचं चित्र आतून २५६० × १४४० ला रेंडर होतं, परफॉर्मन्सवर १९२० × १०८० ला. एवढे पिक्सेल हाताशी असले की नवे अपस्केलर त्यांतून चांगलं चित्र उभं करतात. उलट १०८०पीच्या मॉनिटरवर परफॉर्मन्स मोड लावणाऱ्यांच्या हाती ९६० × ५४० राहतं, आणि मग तारा, केस, झाडांची पानं चमचमायला लागतात. मोडचं नाव एकच असलं तरी निकाल मॉनिटरवर ठरतो.

फ्रेम जनरेशनचं गणित आणखी वेगळं. ते मधल्या फ्रेम तयार करून घुसवतं, तुमच्या माउसला प्रतिसाद लवकर देत नाही, उलट थोडा उशीरच करतं. मुळात ६० च्या आसपास मिळत असतील तर १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर ते छान वाटतं. ३० चे ६० करायला वापरलं तर आकडा सुंदर दिसतो आणि हाताला चिखलात चालल्यासारखं वाटतं.

प्रोसेसरचा दोष कार्डाच्या माथी मारणं

ओळखायची चाचणी सोपी. फोर-केवरून १०८०पीवर या. एफपीएस भराभर वाढला तर कार्डच कमी पडत होतं. जागचा हलला नाही तर प्रोसेसर अडवतोय, आणि अशा वेळी अपस्केलिंग लावूनही काही हाती लागत नाही. त्याआधी व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद आहेत ना ते बघा, नाहीतर चाचणीच खोटी ठरते.

कार्ड बरोबर, जोडणी चुकीची

विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) बघा. १४४ हर्ट्झचे मॉनिटर वर्षभर ६० वर चालत राहतात आणि मालकाला पत्ता नसतो. एचडीएमआय २.० वर फोर-केला पूर्ण रंगांत ६० हर्ट्झच मिळतात. १२० साठी २.१ आणि तशीच केबल लागते. फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) बहुतेक मॉनिटरवर दोन ठिकाणी चालू करावं लागतं, मॉनिटरच्या मेन्यूत आणि ड्रायव्हरमध्ये. केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये तर नाही ना, हेही एकदा मागे वाकून बघाच.

ड्रायव्हर अपडेट केल्यावर शेडरची कॅश (चित्र काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा तयार साठा) बहुधा पुन्हा तयार होते, त्यामुळे पहिल्या फेरीतले झटके मनावर घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या फेरीतही त्याच जागी येत असतील तरच शोध घ्या.

वीजजोडणीत हयगय करू नका. जुनी ८-पिन जोडणी १५० वॉटची असते. कार्डाला अशा दोन लागत असतील तर एकाच केबलची दोन टोकं लावण्यापेक्षा पॉवर सप्लायमधून दोन स्वतंत्र केबल आणा. १६-पिनच्या नव्या जोडणीत प्लग पूर्ण आत बसला पाहिजे. २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अर्धवट बसलेला प्लग हे एक कारण पुढे आलं होतं. कॅबिनेटचं झाकण लावण्याआधी प्लग आणि सॉकेटमध्ये फट दिसत नाही ना ते टॉर्च मारून बघा, आणि केबल कनेक्टरला लागूनच मुरडू नका.