हिवाळ्यातला जन्म आणि स्किझोफ्रेनिया: धोका कसा मोजायचा

हिवाळ्यात जन्मलेल्यांना स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) जास्त होतो, हे वाचून घाबरण्याआधी आकडा मांडून बघा. उत्तर गोलार्धात हिवाळा-वसंतात जन्मलेल्यांमध्ये हा आजार साधारण ५ ते ८ टक्के जास्त आढळतो. पण ही वाढ मूळ धोक्यावरची आहे. आयुष्यभरात हजारात सुमारे ७ जणांना हा आजार होतो. त्यावर ७ टक्के वाढ म्हणजे साडेसात. दोन हजार बाळांमागे एक जास्त. ‘८ टक्के’ ऐकून लोक शंभरातली आठ मुलं धरतात आणि घोटाळा तिथेच होतो.

मग ठिकाण पाहा. विषुववृत्तापासून दूर जावं तसा हा फरक ठळक होतो. सिंगापूरमध्ये तो दिसलाच नाही. पुणे साडेअठरा अंशावर आहे, त्यामुळे युरोपातला आकडा कोथरूडच्या बाळाला लावू नये. आईला ऊन कमी मिळून ‘ड’ जीवनसत्त्व घटणं, गरोदरपणी फ्लू होणं ही कारणं सुचवली जातात. पक्कं सिद्ध एकही नाही.

महिन्यापेक्षा घराण्याची चौकशी कितीतरी मोलाची. डेन्मार्कच्या १९९९च्या मोठ्या अभ्यासात फेब्रुवारी-मार्चच्या जन्माने धोका १.११ पट झाला, आईला आजार असल्यास ९ पटींहून जास्त. तरी अशा घरांतल्याही बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. विचारताना आजाराचं नाव घेऊ नका, कारण घरात ते कुणी उच्चारलेलंच नसतं. ‘डोक्यावर परिणाम झाला होता का, बाहेरचं झालंय म्हणून कुठे नेलं होतं का, वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या का’ असं विचारा.

महिना किंवा मुहूर्त साधायला सिझेरियन पुढे ओढू नका. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांआधी बाळ काढलं तर श्वासाचा त्रास होऊ शकतो. फ्लूची लस डॉक्टरांना विचारून घ्या. ६०,००० युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची पावडर मात्र मनाने सुरू करू नका. जास्त झाल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

खरी नजर ठेवायची ती पंधरा ते तीस या वयात, आणि पुण्यात या वयाची किती मुलं घरापासून लांब, हॉस्टेलवर राहतात! खुणा अशा: मित्र तुटणं, अंघोळ टाळणं, दिवसा झोप आणि रात्री जागरण, सगळे आपल्याविरुद्ध आहेत असं वाटणं, न दिसणाऱ्या कुणाशी बोलणं. गांजाने धोका वाढतो, तेव्हा तेही न ओरडता विचारा. वहीत ‘विचित्र वागतो’ लिहून उपयोग नाही. ‘मंगळवारी पहाटे ३ला जागा, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं, शेजारी ऐकतात म्हणाला’ असं तारखेसह लिहा. डॉक्टरांना निदानाला हेच लागतं.

हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर थांबू नका. उपचार लांबले की सुधारणाही अवघड होते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव देण्याची भाषा किंवा मारहाण असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन.